ओळंब्यावरून सुरू झालेला प्रश्न: वक्र अवकाशकालात एखादी दिशा 'लाडकी' असू शकते काय?

छत्रीबाग (इंदूर), धाग्याचा आरंभ

आमच्या जुन्या घरावर सध्या दुसरा मजला चढतो आहे. गेल्या आठवड्यात गवंडी कोपऱ्याची भिंत उचलत होता. ओळंब्याचा वरचा ठोकळा विटांना टेकवून आणि पितळी वजन खाली सोडून तो झोका थांबण्याची वाट पाही. वजन भिंतीला नुसते चाटून राहिले की समाधानाने मान हलवी, नाहीतर थापीच्या मुठीने एखादी वीट आत सारी. शेजारी उभी असलेली माझी भाची एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "मामा, हा ओळंबा सकाळी आणि रात्री एकच दिशा दाखवतो, हे गवंड्याने गृहीत धरले आहे. पण विश्वात एखादी दिशा मुळातच निराळी असेल, तर पृथ्वी फिरताना ओळंबाही थोडा हलायला हवा."

त्या रात्रीपासून मी जमेल तसे वाचतो आहे. लॉरेंट्झ सममिती म्हणजे काय, एवढे मला समजले असे वाटते: प्रयोगशाळा कोणत्याही दिशेला फिरवली, किंवा तिला कोणताही स्थिर वेग दिला, तरी आतल्या प्रयोगांचे नियम बदलत नाहीत. १८८७ मध्ये मायकेल्सन आणि मोर्ली यांनी क्लीव्हलंड येथे प्रकाशाच्या वेगात दिशेनुसार फरक शोधला आणि तो सापडला नाही, हेही ठाऊक आहे. माझी अडचण पुढे सुरू होते. सपाट अवकाशकालात ही सममिती मोडलेली एखादी प्रतिकृती (गणिती मॉडेल) लिहिणे सोपे असते, पण गुरुत्वाकर्षण आले की तेच काम एकदम अवघड होते, असे सगळीकडे लिहिलेले आढळते. ते का अवघड होते, हे मात्र कोणी साध्या भाषेत सांगत नाही. येथे भौतिकशास्त्र शिकवणारी आणि शिकणारी मंडळी आहेत, म्हणून विचारतो.

सराफा_रात्री

मला मूळ प्रश्नच कळला नाही. ओळंबा खालीच लोंबतो, वर जात नाही. म्हणजे वर आणि खाली या दिशा मुळातच निराळ्या आहेत. मग सममिती आधीच मोडलेली नाही काय?

निवृत्त_मास्तर (रामबाग)

शंका योग्य आहे आणि वर्गात दरवर्षी कोणीतरी ती विचारीत असे. ओळंबा खाली लोंबतो याचे कारण त्या बाजूला पृथ्वी आहे. पृथ्वी, ओळंबा, भिंत आणि गवंडी हे सर्व एकत्र उचलून अवकाशात नव्वद अंशांतून फिरवले, तर ओळंबा पुन्हा पृथ्वीकडेच लोंबेल; म्हणजे नियमाला दिशेची पर्वा नाही, फक्त पृथ्वी कोठे आहे याची आहे. सममितिभंग तेव्हा म्हणावा, जेव्हा हे सगळे बिऱ्हाड एकत्र फिरवूनही निकाल बदलेल. ते फिरवण्याचे कष्ट आपल्याला घ्यावे लागत नाहीत, कारण पृथ्वी ते काम २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत एकदा करते.

आता छत्रीबाग यांच्या अडचणीकडे वळतो. सपाट कागदावर एक बाण काढा आणि त्याच दिशेचे बाण कागदभर काढत जा. काही बिघडत नाही. गोलावर तसे करता येत नाही, आणि हे पाहण्यासाठी आपल्या माळव्याहून चांगली जागा नाही. जुन्या भारतीय ज्योतिषाच्या सिद्धान्तग्रंथांतली मध्यरेषा लंका, उज्जैन आणि मेरू यांतून जाते; लंका म्हणजे विषुववृत्तावरचा कल्पित बिंदू आणि मेरू म्हणजे उत्तर ध्रुव. लंकेच्या पूर्वेला नव्वद अंशांवर यमकोटी, पश्चिमेला तेवढ्याच अंतरावर रोमक आणि बरोबर विरुद्ध बाजूला सिद्धपुर. इंदूर या रेषेपासून जेमतेम काही मैल पूर्वेला आहे.

लंकेवर उत्तरेकडे तोंड केलेला बाण घ्या आणि तो अजिबात न वळवता उज्जैनवरून मेरूपर्यंत न्या. तेथे पोचल्यावर त्याचे टोक सिद्धपुराकडे झालेले असेल. आता तो हातात तसाच धरून यमकोटीला उतरा. तेथे तो पूर्वेकडे रोखलेला दिसेल. विषुववृत्तावरून पश्चिमेकडे चालत लंकेला परत या. बाण अजूनही पूर्वेकडेच. निघताना तो उत्तरेला होता, वाटेत आपण तो एकदाही वळवला नाही, आणि तरी तो नव्वद अंशांनी फिरला.

वक्रता म्हणतात ती हीच. त्यामुळे "विश्वात सर्वत्र एकाच दिशेला असलेला बाण" या शब्दांना वक्र अवकाशकालात सामान्यतः अर्थच उरत नाही. बाण ठेवायचाच असेल तर तो जागोजागी बदलणारा ठेवावा लागतो, आणि तो बदलतो म्हटले की तो कोणत्या नियमाने बदलतो, हा प्रश्न लगेच समोर येतो.

भाची_स्वतः

मामांनी माझा प्रश्न येथे मांडल्याचे आज पाहिले. सरांच्या उत्तराला जोडून लिहिते, कारण माझा या सत्रातला प्रबंधिका-विषय याच्या अगदी जवळचा आहे.

बाण दोन प्रकारे ठेवता येतो. एक बाण लादलेला असतो: सिद्धान्त लिहिणारा तो समीकरणात हाताने घालतो आणि काहीही झाले तरी तो हलत नाही. दुसरा उत्स्फूर्त असतो: नियमांमध्ये कोणतीही दिशा लाडकी नसते, पण एखाद्या क्षेत्राची (अवकाशात सर्वत्र पसरलेल्या राशीची) सर्वांत कमी ऊर्जेची अवस्था शून्य नसते, म्हणून त्याला कोणत्या तरी एका दिशेला कलावेच लागते. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या खाली आले की त्यातले सूक्ष्म चुंबक आपापसांत जुळून एक दिशा धरतात, तसेच.

रंगपंचमीच्या गेरमध्ये (मिरवणुकीत) राजवाड्याच्या चौकात उभे राहिलेल्यांना हा फरक अंगाने ठाऊक असतो. पोलिसांनी रस्त्यावर रंगवलेला बाण आपल्याला वळायला लावतो, पण आपण त्याला ढकलू शकत नाही. गर्दीचा लोंढाही आपल्याला एका बाजूला नेतो, परंतु आपण कोपर मारले की लोंढा तेवढ्यापुरता सरकतो आणि आपला धक्का कोठेतरी पोचतो.

गुरुत्वाकर्षणाला रंगवलेला बाण चालत नाही. आइनस्टाइनच्या समीकरणाच्या डाव्या बाजूला वक्रतेचा प्रदिश (अनेक घटकांची गणिती राशी) आहे आणि उजव्या बाजूला पदार्थाची ऊर्जा व संवेग यांचा प्रदिश आहे. डाव्या बाजूचे अपसरण, म्हणजे एखाद्या जागेतून निव्वळ बाहेर किती जाते याचे माप, शून्य असते. ते कोणत्याही भौतिक नियमामुळे नव्हे, तर निव्वळ भूमितीमुळे, आणि त्या नित्यसमीकरणाला बियांकी यांचे नाव आहे. म्हणून उजव्या बाजूचे अपसरणही शून्यच असले पाहिजे. रंगवलेला बाण पदार्थाला ढकलतो, पण स्वतः धक्का खात नाही. त्यामुळे ऊर्जा आणि संवेग यांच्या जमाखर्चात एका बाजूची नोंद गळते आणि उजवी बाजू शून्य होत नाही. सपाट अवकाशकालात हे खपून जाते, कारण तेथे हिशेब तपासणारी डावी बाजूच नसते. इंडियाना विद्यापीठाचे अॅलन कोस्टेलेत्स्की यांनी २००४ च्या शोधनिबंधात हा विरोध व्यवस्थित मांडला: लादलेला भंग रीमानच्या भूमितीशी सामान्यतः जुळत नाही, उत्स्फूर्त भंग जुळतो, कारण उत्स्फूर्त बाणाचे स्वतःचे गतिसमीकरण असते आणि तेच राहिलेली नोंद भरून काढते.

एक उदाहरण मला फार आवडते. २००३ मध्ये जॅकीव आणि पी यांनी आइनस्टाइनच्या सिद्धान्तात चर्न–सायमन्स नावाचे पद जोडले आणि त्यात काळाच्या दिशेने रोखलेला एक ठराविक बाण घातला. हे पद डावे-उजवे यांत भेद करते, त्यामुळे गुरुत्वीय लहरींच्या डाव्या आणि उजव्या ध्रुवणांची (आंदोलन फिरण्याच्या दोन दिशांची) तीव्रता निराळी होते, वेग मात्र दोहोंचा सारखाच राहतो. सिद्धान्त सुसंगत राहण्यासाठी मात्र एक अट आपोआप उभी राहते: पोंत्र्यागिन घनता नावाची वक्रतेची एक राशी सगळीकडे शून्य असली पाहिजे. न फिरणाऱ्या कृष्णविवराचे श्वार्झशिल्ड यांचे उत्तर ही अट पाळते. फिरणाऱ्या कृष्णविवराचे केर यांचे उत्तर पाळत नाही. म्हणजे कोणीतरी रंगवलेल्या एका बाणापायी नेहमीचे फिरते कृष्णविवर सिद्धान्तातून बाहेर काढावे लागते! त्याच बाणाच्या मुळाशी असलेल्या क्षेत्राला स्वतःचे गतिसमीकरण दिले की अट नाहीशी होते. ती राशी त्या क्षेत्राचा उगम बनते आणि फिरत्या कृष्णविवराचा आकार थोडासा बदलतो, एवढेच.

मांडवीकर (वडोदरा)

विवेचन आवडले, पण "लादलेला भंग चालत नाही" हे थोडे अधिक ठामपणे लिहिले गेले आहे. २०१० च्या सुमारास डी राम, गाबादाद्झे आणि टॉली यांनी मांडलेल्या वस्तुमानयुक्त गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्तात एक ठराविक संदर्भ-मापक (अंतरे मोजण्याची पार्श्वभूमीची पट्टी) हातानेच घातलेला असतो, आणि तरीही तो सुसंगत आहे.

भाची_स्वतः

आक्षेप मान्य आहे, म्हणूनच "सामान्यतः" हा शब्द तेथे होता. पण तो पुरेसा ठळक नव्हता. तुम्ही सांगितलेल्या सिद्धान्तात अपसरणाची अट नाहीशी होत नाही. भूमितीचे जे घटक एरवी निर्देशांक (बिंदूंना द्यायचे स्थानदर्शक आकडे) निवडण्यात खर्ची पडतात, ते तेथे मोकळे झालेले असतात आणि ती अट पुरी करण्याच्या कामी येतात. धक्का शेवटी कोणीतरी खातोच. बाण खात नसेल तर भूमिती खाते. जॅकीव आणि पी यांच्या उदाहरणात भूमितीला तो खाणे परवडत नाही, तुमच्या उदाहरणात परवडते.

याच ओघात सांगते की उत्स्फूर्त सदिशाच्या (बाणाच्या) सर्वांत साध्या प्रतिकृतीला 'भुंगा' म्हणतात. भुंगा सिद्धान्तानुसार उडू नये आणि तरी उडतो, अशी एक जुनी थट्टा आहे. नाव तेथून आले.

सराफा_रात्री

मी पुन्हा एक भाबडा प्रश्न विचारतो. विश्वात सगळीकडे सूक्ष्मलहरींचे पार्श्वप्रारण भरलेले आहे आणि सूर्यमाला त्यातून सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर वेगाने जाते, असे वाचले आहे. म्हणजे एक विशेष दिशा तर सापडलीच की!

निवृत्त_मास्तर (रामबाग)

ती दिशा पृथ्वीच्या दिशेसारखीच पदार्थाची आहे, नियमाची नाही. धातूच्या भिंतींची खोली थंड केली, तर ते प्रारण बाहेर राहते आणि आतल्या प्रयोगाला त्या वेगाचा पत्ता लागत नाही.

यावर चतुर विद्यार्थी म्हणेल की उत्स्फूर्त भंगातला बाणही एका क्षेत्राचाच आहे, मग तोही पदार्थच का म्हणू नये? मी तीस वर्षे शिकवूनही यावर क्षणभर अडखळलो असतो. फरक असा की प्रारण उपसून काढता येते. हा बाण निर्वाताचाच भाग आहे. खोली पूर्ण रिकामी केल्यावर जे उरते, त्यातच तो आहे. त्याला आडवी घालायला भिंत नाही.

गुरुत्वमापी

वर कोणीही मोजमापाकडे वळलेले नाही, आणि मला तर खरी गंमत तेथेच दिसते. ओळंब्यापासूनच सुरू करू. दोरा तीन मीटरचा धरला, तर चंद्राच्या ओढीमुळे त्याचे टोक जास्तीत जास्त पाव मायक्रॉन इतके बाजूला सरकते, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे तीनशेव्या भागाइतके. सममितिभंगाचा परिणाम गुरुत्वाकर्षणाच्या एक अब्जांश असला, तर तेच टोक तीन नॅनोमीटर हलेल. गवंड्याने निश्चिंत असावे.

म्हणून काम ओळंब्याने नव्हे, तर गुरुत्वत्वरण मोजून केले जाते. अतिसंवाहक गुरुत्वमापकात नायोबियमचा पोकळ गोळा चुंबकीय क्षेत्रात तरंगत ठेवलेला असतो; अणूंच्या व्यतिकरणमापकात लेसरने थंड केलेले सीझियमचे अणू वर फेकून खाली पडू देतात. बेली आणि कोस्टेलेत्स्की यांनी २००६ मध्ये असा भंग प्रत्यक्ष मोजमापात कोणत्या रूपाने दिसेल, हे गणिताने दाखवले. २००८ मध्ये म्युलर, चू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अणूंच्या साहाय्याने भंगाचे माप सांगणाऱ्या चार गुणांकांवर अब्जांशाच्या आणि आणखी तीन गुणांकांवर लाखांशाच्या पातळीवरची मर्यादा घातली. १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवर लेसर टाकून चंद्राचे अंतर मोजले जाते, तेही याच कामी येते. भंग सापडलेला नाही.

बाण ताऱ्यांच्या संदर्भात स्थिर आहे, म्हणून खूण नाक्षत्र दिवसाची असेल: २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांचा फेर आणि त्याच्या निम्म्या काळाचा दुसरा फेर. सौर दिवसाशी फरक रोज चार मिनिटांहून किंचित कमी, पण सहा महिन्यांत तो बारा तासांचा होतो. त्यामुळे वर्षभराची नोंद असेल तर उन्हाचा परिणाम आणि बाणाचा परिणाम वेगळे काढता येतात, असे पुस्तकात सोपे करून लिहिलेले असते.

प्रत्यक्षात ते इतके सोपे नाही. भरतीच्या गणितात 'के-१' नावाचा एक घटक आहे, चंद्र आणि सूर्य या दोघांनी मिळून निर्माण केलेला, आणि त्याचा आवर्तकाल बरोबर एक नाक्षत्र दिवस आहे. म्हणजे ज्या खुंटीवर आपण बाणाची खूण टांगणार, त्याच खुंटीवर भरतीने आधीच आपला सदरा टांगून ठेवला आहे. शिवाय तापमानाचा रोजचा चढउतार उन्हाळ्यात मोठा आणि पावसाळ्यात लहान असतो. २४ तासांच्या फेऱ्याची उंची अशी वर्षाच्या तालाने बदलली की गणितात त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक उपफेर उमटतो, आणि त्यांपैकी एक थेट नाक्षत्र दिवसावर येऊन बसतो. इंदूरच्या मे महिन्यात आणि ऑगस्टात रोजच्या तापमानाचा फरक किती असतो, हे येथे राहणाऱ्यांना सांगायला नको. एका प्रयोगशाळेत मी उमेदवारीच्या काळात असताना वातानुकूलन यंत्र रात्री बंद केले जात असे, आणि तीन महिन्यांची नोंद आम्हाला त्यापायी टाकून द्यावी लागली. वरिष्ठांना त्यात काही वावगे वाटले नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

जागेचाही परिणाम आहे. बाणाच्या निव्वळ अवकाशीय भागामुळे उभ्या (ओळंब्याच्या) दिशेत येणारा पूर्ण नाक्षत्र दिवसाचा फेर विषुववृत्तावर नाहीसा होतो आणि पंचेचाळीस अंशांवर सर्वांत मोठा असतो. अर्ध्या दिवसाचा फेर विषुववृत्तावर सर्वांत मोठा असतो. इंदूरचे अक्षांश २२.७ धरले तर पहिल्याचा गुणक ०.७१ आणि दुसऱ्याचा ०.८५ येतो. दोन्ही चांगले आहेत.

छत्रीबाग (इंदूर)

खुंटी आणि सदरा वाचून मी बराच वेळ हसलो. पण मग हे लोक खुंटी बदलत का नाहीत? पृथ्वीवरच्या भरतीचा जेथे संबंधच नाही, असे काही नाही काय?

मांडवीकर (वडोदरा)

आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची गुरुत्वीय लहर पृथ्वीवर पोचली आणि त्यानंतर सुमारे १.७ सेकंदांनी गॅमा किरण पोचले. ही टक्कर एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर झाली. हिशेब वहीच्या समासात करता येतो: १३ कोटी वर्षांचे सेकंद केले की ४.१ गुणिले १० चा १५ वा घात इतके होतात, आणि १.७ ला त्याने भागले की ४ गुणिले १० चा उणे १६ वा घात उरतो. ताऱ्यातून दोन्ही एकाच क्षणी निघाले की नाही, हे ठाऊक नसल्यामुळे शोधगटाने अंतर कमी धरून आणि गॅमा किरण दहा सेकंदांपर्यंत उशिरा निघाले असतील असे मानून सावध मर्यादा दिली: लहरीचा वेग प्रकाशाहून कमी असला तर १० च्या उणे १५ व्या घाताच्या तिपटीपर्यंत, आणि जास्त असला तर १० च्या उणे १६ व्या घाताच्या सातपटीपर्यंत.

बाण गुरुत्वीय लहरीला आणि प्रकाशाला वेगवेगळी वागणूक देत असेल, तर ती या आकड्याच्या आत बसली पाहिजे. २००१ मध्ये जेकबसन आणि मॅटिंग्ली यांनी मांडलेल्या आइनस्टाइन–ईथर सिद्धान्तात चार स्थिरांक मोकळे होते. त्यांतल्या दोहोंची बेरीज या एका घटनेने १० च्या उणे १५ व्या घाताच्या आसपास दाबून टाकली. सिद्धान्त मेला नाही, पण त्याचे अंगण फार लहान झाले.

मात्र एक घटना म्हणजे आकाशातली एक दिशा. बाण कोणत्या दिशेला झुकला आहे, हे विचारायचे तर आकाशाच्या निरनिराळ्या भागांतून अशा अनेक घटना लागतील.

भाची_स्वतः

त्यासाठीच शोधयंत्रे पृथ्वीवर दूरदूर हवीत, आणि येथे इंदूरचा संबंध येतो. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या शोधयंत्राला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्याच्या प्रमुख संस्थांमध्ये आपल्या गावातले राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. अमेरिकेतल्या दोन यंत्रांचे बाहू जवळजवळ सारख्या दिशांना मांडलेले असल्यामुळे त्यांना लहरीचे ध्रुवण नीट ओळखता येत नाही. भारतातले यंत्र निराळ्या प्रतलात असेल. जॅकीव आणि पी यांचा डाव्या-उजव्याचा भेद तपासायला नेमके ध्रुवणच लागते.

निवृत्त_मास्तर (रामबाग)

भाचीबाईंनी प्रबंधिका पूर्ण झाल्यावर तिचा मराठी गोषवारा येथे लिहावा, ही विनंती.

छत्रीबाग यांना नाक्षत्र दिवस डोळ्यांनी पाहायचा असेल, तर पुढच्या रविवारी माझ्याबरोबर उज्जैनच्या वेधशाळेत यावे. सम्राट यंत्राची सावली स्थानिक सौर वेळ दाखवते, जी सरासरीने आपल्या घड्याळाच्या सत्तावीस मिनिटे मागे असते. तेथे वेळ लिहून घेऊ, मग अंधार पडल्यावर एखादा ठळक तारा भित्ति यंत्राच्या भिंतीमागे जाण्याची वेळ लिहू, आणि दुसऱ्या रात्री त्याच जागी उभे राहून तोच तारा पुन्हा पाहू. अंधारात आत राहू देतील की नाही ते विचारून ठेवतो. नाही म्हणाले तर तुमच्या नव्या भिंतीची कडही चालेल, गवंड्याने ती ओळंब्यात घेतली आहे ना?

छत्रीबाग (इंदूर)

घेतली आहे, फक्त उत्तरेकडची कड दोन सूत बाहेर आहे. आपण दक्षिणेकडची वापरू.